लहान किटल्या आधी

आमच्या गावातल्या बायकांच्या दूध डेअरीचं अध्यक्षपद मी दोनदा नाकारलं. पहिल्या वेळी घरात पुतणीचं लग्न होतं. दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं, म्हणून गुडघे दुखतात असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही, आणि तेव्हा मला ते पद हवं झालं. यात मोठेपणाचं काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

गाव औराद तालुक्यातलं. घरात मराठी, कागदावर कानडी, बाजारात दोन्ही, आणि भांडायला जी तोंडात येईल ती. डेअरी म्हणजे शाळेमागची एक खोली, एक वजनकाटा, एक टेबल आणि सकाळ-संध्याकाळ लागणारी बायकांची रांग. मी तिथं पुष्कळ वर्षं दूध तपासायला बसत होते. लग्नाआधी बिदरच्या एका दवाखान्यात मी दीड वर्ष आयाचं काम केलं होतं आणि थर्मामीटर वाचायला शिकले होते. "काचेची नळी हिला कळती," एवढ्यावरून बायकांनी मला लॅक्टोमीटरपाशी बसवलं. दुधात पाणी घातलंय का, ते ही नळी सांगते. तिच्यावर जो आकडा दिसतो त्याला आम्ही डिग्री म्हणतो. डिग्री कमी लागली की बाईकडं संशयानं बघायचं, असा धंदा.

दोन वर्षांमागं आमच्या जुन्या अध्यक्षीणबाई लेकाकडं हैदराबादला राहायला गेल्या आणि जागा रिकामी झाली. आमच्याकडची रीत अशी की कुठलंही पद आधी पारावर ठरतं. चार-पाच कर्ती पुरुषमंडळी मारुतीसमोर बसतात, नाव ठरवतात आणि त्या घरी नारळ घेऊन जातात. घरच्या माणसानं नारळ हातात घेतला की पद त्या घरात गेलं. पुढं सभा होते, हात वर होतात, पण ते नुसतं उरकण्यापुरतं. पद बाईचं असलं तरी नारळ नवरा घेतो. माझ्या दोन्ही नकारांच्या वेळीसुद्धा नारळ आमच्या मालकांपुढंच धरला होता आणि मी आतून मान हलवली होती.

या वेळी नारळ गेला गावातल्या एका पुढाऱ्याच्या घरी. त्याच्या गोठ्यात अठरा जर्सी गायी. त्याच्या बायकोला डेअरीत आलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांचा गडी मोटारसायकलवर कॅन बांधून आणायचा. नारळ घेतला त्याच दिवशी संध्याकाळी पुढारी स्वतः डेअरीत आला, कमरेवर हात ठेवून रांग बघितली आणि मला म्हणाला,

"अक्का, एवढ्या किटल्या?"

"एवढ्या म्हशी हाइत की गावात."

"अर्धा लिटर, पाऊण लिटर. ह्याच्यापायी टेंपो खोळंबायलाय रोज. म्होरल्या महिन्यापासून पाच लिटरच्या आतलं दूध घ्यायचं न्हाई. कॅन असंल तर यावं."

"आन् एकच म्हस असलेल्यांनी काय करावं?"

"प्यावं की! तब्येत सुधारंल."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. त्यांच्या हातात कॅन होत्या. ज्यांच्या हातात किटल्या होत्या त्यांच्यातली एकही हसली नाही. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरी एकच म्हैस आहे, आणि त्या घरात बाईच्या हातात येणारा पैसा म्हणजे तेवढाच. पोराची वही, दवाखान्याची गोळी, लेकीच्या घरी जायचं तिकीट, सगळं त्यातून. किटली बंद म्हणजे बाईनं पुन्हा प्रत्येक गोष्टीसाठी हात पसरायचा.

घरी येऊन मी मालकांना हे सांगितलं. ते शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुला दोनदा इचारलं. तवा गुडघे दुखत होते. आता कामून तडफडायलीस?"

ते ऐकून मला एक गोष्ट आठवली.

दवाखान्यातल्या आमच्या मेट्रनबाई यहुदी होत्या. मूळच्या कोकणातल्या, अलिबागकडच्या. बोलायच्या मराठीच, त्या आमच्या मराठीला हसायच्या आणि आम्ही त्यांच्या. त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस मी तरी बिदरमध्ये पाहिलं नाही. शनिवारी, कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय, त्या कामाला हात लावायच्या नाहीत. आम्ही औराद-भालकीकडच्या पोरी. बाई शनिवार पाळतात म्हणजे मारुतीचं करतात, असं आम्ही ठरवूनच टाकलं. एका शनिवारी मी रुईच्या पानांची माळ करून त्यांच्या दाराला अडकवली आणि खाली वाटीभर तेल ठेवलं. त्या बाहेर आल्या.

"हे काय गो?"

"तुमच्या शनवारचं, बाई."

त्या हसत हसत पायरीवरच बसल्या. "माझ्या शनवारला माळ नको, तेल नको. काही न करता बसता यायला हवं. तुला जमेल?"

"न्हाई जमायचं."

"मग जा, ही माळ तुझ्या मारुतीला घाल. तो वाट बघत असेल."

त्या काही प्रवचन देणाऱ्यांतल्या नव्हत्या. काम करता करता, चादरीच्या घड्या घालता घालता एखादी गोष्ट सांगायच्या, आणि ती गोष्ट नेमकी त्या दिवशीच्या कामाची असायची. आयांमध्ये एक थोरली नेमायची होती तेव्हा सगळ्यांत जाणती जी बाई होती ती म्हणाली, मला नको ही झंझट. बाईंनी तिला झाडांची गोष्ट सांगितली. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडं गेली. जैतून म्हणजे काय ते आम्हाला कळेना, तर बाई म्हणाल्या, तुमची करडी झाडाएवढी झाली असं समजा, तेलाचं झाड. ते म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डोलत कशाला बसू? अंजीर म्हणालं, मी माझी गोडी सोडू? द्राक्षवेलही तसंच म्हणाली. शेवटी झाडं काटेरी झुडपाकडं गेली, आणि झुडूप लगेच तयार. या, माझ्या सावलीत बसा. न बसाल तर जाळून टाकीन.

"काट्याच्या झुडपाला कुठली सावली?" आमच्यातली एक म्हणाली. "येड्या बाभळीखाली बसल्यावानी."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "पण बाभळीवर रागावू नका. ती बाभळीसारखीच वागणार. त्या तीन चांगल्या झाडांना विचारा, तुम्ही कुठं होतात?"

मालक शेंगा फोडत होते आणि मी दारात उभी होते. मी कुठं होते? मी गुडघे धरून बसले होते.

"मी उभी राहायलेय," मी म्हणाले.

"नारळ गेलाय तिकडं. आता पारावर जाऊन काय सांगू मी?"

"पारावर तुमी काय बी सांगू नका. मीच घरोघर जाऊन इचारते."

हेही बाईंचंच. त्यांच्यात असं मानतात की लोकांना विचारल्याशिवाय लोकांवर कुणाला बसवू नये. देवाला आपल्या पूजेच्या तंबूसाठी मुख्य कारागीर नेमायचा होता, तेव्हा त्यानं आधी त्या लोकांच्या म्होरक्याला विचारलं, तुला हा माणूस पसंत आहे का? म्होरक्या म्हणाला, तुला पसंत तर मला काय विचारतोस? देव म्हणाला, तरी जा, लोकांना विचारून ये. म्हणून बाईंनी थोरली आया नेमताना काय केलं, तर खाटेखाटेपाशी जाऊन रोग्यांना विचारलं. डॉक्टरला हसू आलं. पण रोग्यांनी जिचं नाव घेतलं ती आमच्यात सगळ्यांत कमी बोलणारी होती, आणि ती पुढं चांगली निघाली.

सभेला सहा दिवस होते. मी स्वतःला एक अट घातली: विचारायचं आणि ऐकायचं, उलट बोलायचं नाही. मला ओळखणाऱ्यांना ही अट किती अवघड ते कळेल. बायकांनी संधी सोडली नाही.

"तू कामाची हाइस, पर तोंड लई फटकळ."

"माझ्या पोराला पंगतीतनं उठवलीस तू. धाकल्या जावंच्या लेकराच्या बारशात. इसरले न्हाई मी."

"काकू, तुम्ही हसत न्हाईत. अध्यक्षानं जरा हसावं."

मी प्रत्येक घरी चहा घेतला आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बहुतेक घरी शेवटी एकच प्रश्न येतोय. कुणी आडून विचारी, कुणी सरळ: "म्हातारीला इचारलीस का?"

म्हातारी म्हणजे डेअरीच्या भिंतीला भिंत लागून जिचं घर, ती. धनगराघरची. तिच्या सासऱ्याच्या काळापर्यंत त्यांची मेंढरं वर्षातले आठ महिने रानोमाळ असायची. आता एक म्हैस, चार शेळ्या आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी. आठ वर्षांपूर्वी ती डेअरीत दूध घालायला नुकतीच लागली होती आणि एका थंडीच्या सकाळी तिच्या दुधाला डिग्री कमी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. तिसऱ्या दिवशी मी भरल्या रांगेत तिची किटली बाजूला सरकवली आणि म्हणाले, "म्हातारे, म्हस पाणी देती का तूच घालतीस?" रांग हसली. म्हातारी किटली उचलून गेली ती परत आली नाही. तेव्हापासून तिचं दूध रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात जायचं, मिळेल त्या भावानं.

दोन महिन्यांनी वरच्या ऑफिसातला तपासनीस आला. त्याला मी सहज विचारलं, तर तो म्हणाला, धारेचं गरम दूध, वर फेस, त्यात नळी खोल जाणारच आणि डिग्री कमी दिसणारच. दूध निवू द्यावं, मग मोजावं. बाकीच्या बायका गावाच्या दुसऱ्या टोकाकडून यायच्या, त्यांचं दूध वाटेतच निवायचं. म्हातारी भिंतीपलीकडून यायची. तिच्या दुधात पाणी नव्हतं. ते नुसतं ताजं होतं.

हे मला कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठ वर्षं.

मला कुणी शिकवलं नव्हतं असंही नाही. दवाखान्यात एकदा अंथरूण ओलं केलेल्या एका आजोबांना मी सगळ्या वॉर्डासमोर बोलले होते. बाईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. "माणसाला चारचौघांत खाली बघायला लावणं म्हणजे रक्त सांडणं, असं आमच्यात मानतात. त्यांच्या तोंडाकडं बघ जा. रक्त उतरलंय की नाही?" मी जाऊन बघितलं होतं. उतरलं होतं. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला ते पटलं होतं. पटणं आणि वागणं यांच्यात किती अंतर असतं ते मी स्वतःवरून सांगू शकते.

चौथ्या दिवशी दुपारी मी म्हातारीच्या घरी गेले. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. तिनं बस म्हटलं नाही. मी जमिनीवर बसले आणि जे झालं होतं ते सगळं सांगितलं, तपासनिसासकट.

"आठ वर्सं ठाव होतं तुला?"

"व्हय."

"आन् आता हात वर करायला पाहिजेत, म्हणून आलीस."

"व्हय. त्याच्यासाठीच आले."

तिनं काटा काढून बघितला, फेकला. "खरं तर बोलायलीस. तुला कामून व्हायचंय गं अध्यक्ष? तुज्या घरी दोन म्हशी. तुजी कॅन बंद व्हायची न्हाई."

मी तिला लहान किटल्यांचं सांगितलं, आणि बाईंनी सांगितलेली एका मेंढपाळाची गोष्ट सांगितली. देवाला राजा निवडायचा होता तेव्हा त्यानं म्हणे त्याला आधी मेंढरं राखताना बघितलं. तो पोरगा कोवळ्या गवतावर आधी कोकरांना सोडायचा, मग म्हाताऱ्या मेंढ्यांना, आणि राहिलेलं जाड गवत तगड्या मेंढ्यांना. देव म्हणाला, ज्याला मेंढरं अशी राखता येतात त्यानं माझी माणसं राखावीत.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "ह्यात देवानं बघायचं काय हाय? असंच सोडतात. न्हाईतर तगडी समदं तुडवून टाकतात, कोकरू उपाशी. आमच्यात सात वर्साच्या पोरालाबी कळतं हे."

"त्यांच्यात त्याला राजा केलं."

"आमच्यात पंचायतीत खुर्चीबी देत न्हाईत," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग लगेच तोंड पूर्वीसारखं केलं. "हे बग. माज्या घरात येऊन गोड बोलू नको. जिथं बोललीस, तिथं बोल. तवाच्या रांगंत ज्या होत्या त्या समद्या आजबी येतात. उद्या सकाळी मी दूध आणते."

"आण."

"निवलेलं न्हाई आणणार. धारेचंच आणणार."

घरी आल्यावर मालक म्हणाले, असं केलंस तर पडशील. माप चुकवणारी बाई म्हणून गावभर होईल. मलाही तसंच वाटत होतं. पण सहा दिवस घरोघर फिरून लोकांना 'मी कशी आहे सांगा' म्हणायचं आणि जे सगळ्यांत वाईट केलंय ते झाकायचं, हे मला जमणार नव्हतं. पडायचं तर उघड पडावं.

सकाळी रांग भरली. म्हातारी आठ वर्षांनी भिंतीपलीकडून आली. किटलीवर फेस, वाफ निघतेय.  मी दूध उंच भांड्यात ओतलं, नळी सोडली आणि डिग्री मोठ्यानं वाचली. कमी. रांगेत कुजबूज सुरू झाली. मी भांडं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवलं आणि टेबलाशी उभी राहिले.  टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. फेस काढला, दूध ढवळलं, पुन्हा नळी सोडली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला वाचायला लावली. बरोबर लागली.

मी म्हणाले, "आठ वर्षांमागं ह्याच जागी मी हिला बोलले की तू पाणी घालतीस. ते खोटं होतं. दोन महिन्यांनी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. चूक नळीची न्हाई, माझी."

माझी अपेक्षा होती की कुणीतरी तोडून बोलेल. मागून एक आवाज आला, "मग माजं बी बग की! गेल्या शिमग्यात तू मला बोललीस."

"तुज्यात पाणीच होतं," म्हातारी मागं न वळता म्हणाली. "मी हिरीवर बगितले तुला."

त्यानंतर जे हसणं झालं त्यात मीही होते. तिनं किटली रिकामी केली. जाताना मला म्हणाली, "तू हो अध्यक्ष. पर एक. नळीचं काम सोड. सत्ता आन् माप एका हातात नको."

हे तिला कुणी यहुदी बाईनं शिकवलं नव्हतं. मी ते तिथल्या तिथं मान्य केलं.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. मालक म्हणाले होते तेच पुढाऱ्यानं बोलून दाखवलं. "जिला माप कळत न्हाई, तिला अध्यक्ष करायलाव का? चारचौघीत कबूल केलीय तिनं."

मला बाईंचं एक वाक्य आठवत होतं, जे दवाखान्यात मला मुळीच कळलं नव्हतं: ज्याच्या पाठीवर किडामुंग्यांची टोपली, म्हणजे मागची एखादी चूक, लटकत नाही त्याला पुढारी करू नये, उद्या तो माजला, तर त्याला 'मागं वळून बघ' असं कोण म्हणणार? वीस वर्षांची असताना मला वाटलं होतं, स्वच्छ माणूस का नको? आता मी उठले आणि म्हणाले, "कबूल केलंय. आणि मी माजले तर ही म्हातारी भिंतीपलीकडंच राहती. रोज आठवण करून दील."

"रोज न्हाई," म्हातारी म्हणाली. "लागंल तसं."

माझ्या नावाला हात वर झाले. किटलीवाल्या सगळ्यांचे नाहीत. पंगतीवाली बाई हात बांधून बसली होती. कॅनवाल्यांतल्याही चौघींनी माझ्यासाठी हात वर केला, त्याचं मला नवल वाटलं. पुढाऱ्याची बायको पहिल्यांदाच डेअरीच्या कामाला आलेली, खांबाला टेकून बसली होती. तिच्या नावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं तिच्याकडं दोनदा बघितलं. तिचे हात मांडीवरच राहिले. का ते मी तिला विचारलं नाही. पुढं कधीतरी विचारीन.

पारावरची मंडळी आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत. मालकांशी मात्र बोलली. त्यांच्याकडं तंबाखू मागताना कुणाला अडचण आली नाही.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्या सकाळी मी एकच बदल केला. किटल्या आधी, कॅन नंतर. म्हातारीच्या सुनेला नळीपाशी बसवायचं ठरलं होतं, पण म्हातारीनंच ते मोडलं. माझ्या घरातली नको, म्हणाली, आमचं दूध आमच्याच घरातलीनं मोजलं तर पुन्हा कुणीतरी संशय घेईल. मग शिलाईकाम करणारी एक मुलगी बसवली, जिच्याकडं म्हैसच नाही. माझी कॅन सात लिटरची, म्हणून मी मागच्या रांगेत उभी राहिले. पुढं किटल्या हळूहळू सरकत होत्या. लहान मापांना खरंच वेळ लागतो, पुढारी त्याबाबतीत चुकीचं बोलत नव्हता. टेंपोवाला उतरून आला.

"अध्यक्षीणबाई कोण हाइत? लई येळ होयलाय. सांगा त्यांना."

"ती काय, मागं उभी," म्हातारी म्हणाली. "तूच सांग जा. सांगून बग."

तो माझ्याकडं आला. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, उद्यापासून रांग अर्धा तास आधी सुरू करू, त्याचं मी बघते. आज थांब.

तो टेंपोत जाऊन बसला.